२०२४ वायआर४ : आठ वर्षांनंतरची सात मिनिटं

उत्तररात्र | १९ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९:१०

आज सकाळी सहाला आईचा डोंबिवलीहून फोन. "अरे, ते तीन टक्के झालं म्हणे. मागे दोन होतं. आणि यादीत मुंबईचं नाव आहे." ती बोलत होती २०२४ वायआर४ नावाच्या लघुग्रहाबद्दल, तो २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याच्या शक्यतेबद्दल. तिच्या भिशीच्या ग्रुपवर एक नकाशा फिरतोय, तो पडलाच तर कुठे पडेल त्याचा लाल पट्टा त्यावर ओढलेला. अर्धा तास तिच्याशी बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे इथेही लिहावं. कारण तो नकाशा खोटा नाही आणि तीन टक्केही खोटे नाहीत. "अफवा आहे, डिलीट कर" म्हणून हा विषय मिटणार नाही.

हा लघुग्रह सापडला २७ डिसेंबर २०२४ ला, चिलीतल्या रिओ उर्तादो इथल्या अॅटलास दुर्बिणीतून. सापडला त्याच्या दोनच दिवस आधी, ऐन नाताळात, तो आपल्यापासून ८ लाख २९ हजार किलोमीटरवरून निघून गेला होता. चंद्र आहे त्याच्या दुपटीपेक्षा थोडं जास्त अंतर. आकार ४० ते ९० मीटरच्या दरम्यान. इतकी मोठी तफावत का, तर दुर्बिणीत तो नुसता प्रकाशाचा ठिपका दिसतो. लहान पण चकचकीत दगड आणि मोठा पण काळपट दगड, दोघांचाही ठिपका सारखाच.

नावाचंही सांगतो, कारण आईने विचारलं होतं. वर्षाचे चोवीस पंधरवडे, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर. वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. पुढचं आर आणि ४ मिळून त्या पंधरवड्यातला क्रमांक होतो. आय वगळून पंचवीस अक्षरांची चार आवर्तनं झाली, म्हणजे शंभर, आणि त्यापुढे आर सतरावं. एका पंधरवड्यात सापडलेल्यांपैकी हा ११७ वा. असे शेकड्यांनी सापडतात, हे त्या नावातच आहे.

आता कक्षा. पृथ्वीची कक्षा जवळजवळ गोल आहे, याची मात्र चांगलीच लांबोडकी. सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा अंतर पावणेतेरा कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपेक्षाही आत. सर्वांत दूर जातो तेव्हा ६२ कोटींच्या पुढे, मंगळ ओलांडून लघुग्रहांच्या पट्ट्यातून पलीकडे, गुरूच्या थोडं अलीकडपर्यंत. एका फेरीला चार वर्षांना किंचित कमी. म्हणून २०२४ च्या डिसेंबरनंतर तो २०२८ च्या डिसेंबरात परत येईल, पण ८० लाख किलोमीटर दूर राहून. त्यापुढची फेरी २०३२ च्या डिसेंबरात. काळजी आहे ती २२ डिसेंबर २०३२ ची, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसातच्या सुमाराची.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण ३० किलोमीटर वेगाने धावते. तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या अंगाएवढं अंतर ओलांडायला तिला जेमतेम सात मिनिटं लागतात. दोघांच्या वाटा जिथे जवळ येतात त्या जागी पृथ्वी ढोबळमानाने सात मिनिटंच असते. हा दगड पाच मिनिटं लवकर आला किंवा दहा मिनिटं उशिरा आला, तरी चुकामूक. आणि ती वेळ आपल्याला आज सांगायची आहे, दोन फेऱ्या आधी, जेमतेम दोन महिन्यांच्या निरीक्षणांवरून. एका फेरीचा काळ काढताना काही मिनिटांची चूक झाली, तरी दोन फेऱ्यांनंतर ती वाढून पुढे येते.

टक्के वाढत का गेले, याकडे येतो. आईला दिंडीचं उदाहरण दिलं, तिला पटलं.

पालखी दिवेघाट चढताना दिंडी पाच किलोमीटर लांब पसरली आहे असं समजा. तुमची आजी त्यात आहे, पण कुठे ते ठाऊक नाही. वाटेत एक वड, त्याची सावली वीस मीटर. ठीक बाराच्या ठोक्याला आजी त्या सावलीत असण्याची शक्यता किती? अडीचशेत एक. मग निरोप येतो की आजी मागच्या दिंड्यांत नाही. उरली दोन किलोमीटरची रांग आणि वड अजून त्या रांगेतच. शक्यता झाली शंभरात एक. आणखी निरोप येतो की रथापुढच्या दिंड्यांतही ती नाही. उरले ६४० मीटर, वड अजून आतच. आता बत्तिसात एक, म्हणजेच ३.१ टक्के. या सगळ्यात आजी आपली होती तिथेच टाळ वाजवत चालली आहे. आपल्याला तिच्याबद्दल अधिक कळत गेलं, एवढाच फरक पडला.

पुढचा निरोप आला की ती सातव्या दिंडीत आहे आणि वड आहे दहाव्या दिंडीशी, की शक्यता एकदम शून्यावर येते. बहुतेक वेळा असंच होतं. आकडा चढत चढत जातो आणि मग एका रात्रीत कोसळतो. २००४ साली अपोफिस सापडला तेव्हा त्याचा आकडाही नाताळच्या दिवसांत २.७ टक्क्यांपर्यंत चढला होता आणि मग उतरला. तो १३ एप्रिल २०२९ ला आपल्यापासून ३२ हजार किलोमीटरवरून सुखरूप जाणार आहे.

या वेळी निरोप थोडे रेंगाळले, कारण १२ तारखेला माघी पौर्णिमा होती. इतका अंधूक ठिपका चांदण्यात हरवतो. आता चंद्र उतरतोय, तेव्हा या दोनचार रात्रींत नवी निरीक्षणं येतील. मला वाटतं आकडा पडेल. पण तो पडेपर्यंत तीन टक्के हे तीन टक्केच, आणि त्याची काळजी वाटणाऱ्याला कोणी वेड्यात काढू नये.

---

कट्टेकरी | १९ फेब्रुवारी, ११:३२

माहितीपूर्ण धागा. दिंडीचं उदाहरण घरी वाचून दाखवलं. सासूबाई दोनदा चालल्या आहेत वारी, त्यांना लगेच कळलं.

---

रेवदंडा_किनारा | १९ फेब्रुवारी, १:०५

आमचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या पट्ट्यात अरबी समुद्रही आहे असं वाचलं. दगड समुद्रात पडला तर सुनामी येते का? २००४ चं आठवून इथली माणसं विचारताहेत. कृपया साध्या भाषेत सांगा.

---

उत्तररात्र | १९ फेब्रुवारी, २:२०

रेवदंडा_किनारा, प्रश्न रास्त आहे. पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा दक्षिण आशियापर्यंत येतो. दगड पडलाच तर त्या पट्ट्यात एका ठिकाणी पडेल. सगळ्या पट्ट्यावर संकट आहे असा त्याचा अर्थ नाही. पट्टा इतका लांब, कारण वेळेतली थोडीशी अनिश्चितताही जमिनीवर हजारो किलोमीटर होऊन पसरते.

२००४ साली समुद्राचा तळच शेकडो किलोमीटर लांबीत उचलला गेला होता, त्यामुळे तळापासून पृष्ठभागापर्यंतचं सगळं पाणी हललं. साठेक मीटरचा दगडी लघुग्रह बहुधा हवेतच, जमिनीपासून काही किलोमीटर वर फुटेल. त्याचा दणका हवेतून येतो. खाली असलेल्या बोटींना तो अतिशय वाईट, पण २००४ सारखी लाट त्यातून उठत नाही.

---

स्पष्टवक्ता | १९ फेब्रुवारी, ४:४८

मला एक कळत नाही. आठ वर्षांनी काय होईल ते हे लोक सांगतात, आणि दगड जवळून गेला तेव्हा मात्र दोन दिवसांनी कळलं. मग विश्वास कशावर ठेवायचा? खरं काय ते लपवत नाहीत कशावरून?

---

गणिताची_बाई | १९ फेब्रुवारी, ९:१५ रात्री

स्पष्टवक्ता, पहिल्या प्रश्नाचं उत्तर कक्षेतच आहे. हा दगड पृथ्वीची कक्षा दोनदा ओलांडतो, सूर्याकडे जाताना एकदा आणि सूर्याला वळसा घालून बाहेर येताना एकदा. आपली गाठ पडते ती बाहेर येताना. म्हणजे तो आला सूर्याच्या बाजूने, दिवसाच्या आकाशातून. तिकडे दुर्बीण रोखताच येत नाही. पुढे निघून गेल्यावर तो रात्रीच्या आकाशात आला आणि दोन दिवसांत सापडला. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरचा दगड फुटला, काचा लागून दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, तोही सूर्याच्याच बाजूने आला होता. ही आपल्या यंत्रणेतली खरी उणीव आहे. युरोपीय अवकाश संस्था त्यासाठी पृथ्वी आणि सूर्याच्या मध्ये एक अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणारी, दुर्बीण ठेवण्याची तयारी करते आहे, नाव निओमिर. पण ती उडायला पुढच्या दशकाचा मध्य उजाडेल.

दुसरा प्रश्न लपवण्याचा. जगभरातून येणारं प्रत्येक निरीक्षण, म्हणजे अमुक वेळेला ठिपका आकाशात अमुक जागी होता एवढा एका ओळीचा मजकूर, अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातो आणि तिथून सगळ्यांना खुला असतो. त्यावरून नासाची जेट प्रपल्शन लॅबोरेटरी, युरोपीय अवकाश संस्था आणि इटलीतला पिसाचा निओडिस गट आपापली गणितं करतात. काल नासाचा आकडा ३.१ होता, युरोपचा २.८. पद्धती वेगळ्या म्हणून आकडे थोडे वेगळे. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, तीन मुलांनी तीन रीतींनी सोडवलेलं उत्तर जवळजवळ जुळलं की मला कॉपीची शंका येत नाही, मुलांना विषय कळला असं वाटतं.

आणि शक्यता १ टक्क्याच्या वर गेली की जगाला अधिकृत सूचना द्यायची, हा आधीच ठरलेला नियम आहे. तो आकडा जानेवारीच्या अखेरीस ओलांडला गेला आणि सूचना निघाली. लपवायचंच असतं तर ही पाळी आली नसती.

उत्तररात्र, सात मिनिटांच्या मुद्द्यात एक भर. आठ वर्षं म्हणजे ४२ लाखांवर मिनिटं. त्यातली सात नेमकी कुठली, ते काढायचंय. मला यात भीतीपेक्षा त्या कामाचं अप्रूप जास्त वाटतं.

---

लोणारची_लेक | २० फेब्रुवारी, ७:५०

माझं माहेर लोणारचं. लहानपणी मला सरोवर म्हणजे कमळजा देवीला जायची वाट एवढंच माहीत होतं. काठावरून खाली उतरताना हवा बदलते, झाडी दाट होते, मोर ओरडतात, आणि पाण्याजवळ गेलं की तो कुबट, खारट वास. हात बुडवला तर साबण लावल्यासारखा बुळबुळीत लागायचा. आजी सांगायची की हा लवणासुराचा खड्डा, विष्णूने त्याला मारला. पुढे शाळेत कळलं की १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी तळातल्या दगडांत आघाताने वितळून काचेसारखं झालेलं खनिज दाखवलं आणि हा आघाताचाच खड्डा हे पक्कं झालं. बेसाल्टमध्ये इतका चांगला टिकलेला खड्डा जगात क्वचितच आहे.

१.८ किलोमीटरच्या खड्ड्याच्या काठावर खेळत मोठी झालेय मी. त्यामुळे "आकाशातून दगड पडतो" हे मला कधीच गोष्टीसारखं वाटलं नाही. माझा प्रश्न असा की हा लघुग्रह जमिनीवर आला तर लोणारसारखाच खड्डा पडेल का?

---

उत्तररात्र | २० फेब्रुवारी, १:३०

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लोणारला पुन्हा जावंसं वाटलं.

खड्डा पडेल की नाही, हे दगड कशाचा आहे त्यावर ठरतं. अमेरिकेत अॅरिझोनात १.२ किलोमीटरचा खड्डा आहे, तो पाडणारा साधारण ५० मीटरचाच होता, पण लोखंडाचा. लोखंड हवेत सहज फुटत नाही. वायआर४ च्या प्रकाशावरून तो दगडी जातीचा दिसतो. त्यामुळे जवळचं उदाहरण तुंगुस्का. ३० जून १९०८ ला सैबेरियात तशाच आकाराचा दगड हवेत फुटला. खड्डा पडला नाही, पण दोन हजार चौरस किलोमीटरवरचं जंगल आडवं झालं. तिथे वस्ती जवळजवळ नव्हती म्हणून बचावलो. मुंबईचं क्षेत्रफळ त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. म्हणून हे तीन टक्के लोकांनी मनावर घेतले, ते योग्यच झालं.

आणि ताजी बातमी: नासाचा आकडा १.५ वर आला आहे. नव्या निरीक्षणांनी तो एकदम निम्मा झाला.

---

पिंपळपान | २१ फेब्रुवारी, १०:१०

माझी मुलगी पाचवीत आहे. शाळेत कुणीतरी सांगितलं की २०३२ मध्ये मुंबई संपणार. दोन रात्री ती माझ्या अंगावर हात टाकून झोपतेय. काल म्हणाली, "तेव्हा मी कॉलेजात असेन ना गं?" मी तिला दिंडीचं सांगितलं, ते तिला कळलं, पण तिला कक्षा "बघायची" आहे. यूट्यूबवरचे व्हिडिओ दाखवायची हिंमत होत नाही, सगळ्यांत आग आणि किंकाळ्या. घरी करता येईल असं काही आहे का?

---

गणिताची_बाई | २१ फेब्रुवारी, ११:४५

आहे. चार्ट पेपर, दोन टाचण्या, सुतळी नको, शिवणाचा जाड दोरा, पेन्सिल आणि खाली पुठ्ठा.

पृथ्वी आणि सूर्यातलं अंतर १० सेंटिमीटर धरा. दोन टाचण्या एकमेकींपासून ३३.३ सेंटिमीटरवर टोचा. दोऱ्याची बंद गाठीची कडी करा, तिची पूर्ण लांबी ८३.६ सेंटिमीटर. कडी दोन्ही टाचण्यांभोवती टाकून पेन्सिलीने ताणून धरा आणि फिरवत न्या. निघेल ती वायआर४ ची कक्षा, प्रमाणात. एक टाचणी म्हणजे सूर्य. दुसऱ्या टाचणीच्या जागी काहीच नाही, हे तिला आवर्जून सांगा, मुलं विचारतातच. मग सूर्याच्या टाचणीभोवती १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, ती आपली वाट. दोन्ही रेषा दोन ठिकाणी एकमेकींना कापतील.

कागदावर न दिसणारं एक: दगडाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी साडेतीन अंश कललेली आहे. चार्ट पेपरची एक बाजू किंचित उचलल्यासारखी.

दोऱ्याला ढिलाई नको आणि गाठ घट्ट हवी, नाहीतर रेघ दुहेरी येते.

---

उत्तररात्र | २१ फेब्रुवारी, २:००

०.२८ टक्के. म्हणजे साडेतीनशेत एक. वड रांगेच्या टोकाला गेला.

---

पिंपळपान | २३ फेब्रुवारी, ८:३०

आज रविवार, सकाळी जेवणाच्या टेबलावर केलं. पहिल्यांदा दोरा निसटला, दुसऱ्यांदा कक्षा नीट जुळली. तिने सूर्याच्या टाचणीवर पिवळा मणी लावला. पृथ्वी काढायला गेली तेव्हा मी बाईंच्या प्रमाणाने हिशेब करायला लावला. दहा सेंटिमीटरच्या त्या प्रमाणात पृथ्वी येते सेंटिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही लहान. तिच्या केसांतला एक केस काढून आम्ही रेघेवर आडवा ठेवला. पृथ्वी त्या केसाच्या जाडीच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्श्याएवढी. ती बराच वेळ टेबलाला नाक लावून त्या केसाकडे बघत होती. मग विचारलंन, "आणि दगड?" मी म्हटलं, तो तर दिसणारच नाही.

आज तिच्या खोलीत झोपलीये. बाई, मनापासून आभार.

---

कट्टेकरी | २५ फेब्रुवारी, ७:२०

नासाने ०.००४ टक्के जाहीर केलं. विषय संपला म्हणायचा. आता प्रश्न पडतो की ज्याचं शेवटी काहीच होणार नव्हतं ते सांगून जगाला महिनाभर घाबरवायची गरज होती का? आकडा पक्का झाल्यावर सांगितलं असतं तर?

---

पाणीपाळी | २५ फेब्रुवारी, १२:४०

कट्टेकरी, मी नदीकाठच्या गावांत तलाठी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. धरणातून विसर्ग वाढणार असा निरोप रात्री अकराला यायचा आणि मी कोतवालाला घेऊन वाडीवाडीवर जायचो. गुरं सोडा, म्हाताऱ्यांना देवळात आणा. कित्येकदा पाणी आलंच नाही. सकाळी लोक तोंडावर बोलायचे, रात्रभर झोप मोडली म्हणून. मी ऐकून घेतलं. कारण एकदा मी पाणी चढण्याची वाट बघत थांबलो होतो, खात्री करून मग निरोप देऊ म्हणून, आणि एका घरातल्या दोन म्हशी दाव्याला बांधलेल्या मेल्या. ती दावी मी स्वतः कापली, पाणी ओसरल्यावर.

पक्कं झाल्यावर सांगायचं म्हणजे पाणी उंबऱ्यात आल्यावर सांगायचं. आठ वर्षं आधी एक टक्का असतानाच सांगितलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

---

गणिताची_बाई | २५ फेब्रुवारी, ६:०५

पाणीपाळी काका, अगदी हेच. वेळ हाताशी असेल तर करता येण्यासारखंही आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फस नावाच्या १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. तो एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा, ती फेरी अर्ध्या तासाहून जास्त वेळाने कमी झाली. सात मिनिटांची चुकामूक घडवायची असेल तर दगडाला किंचित ढकललं तरी पुरतं, पण ते काही वर्षं आधी. ऐनवेळी ढकलून उपयोग नाही. म्हणून लवकर सापडणं आणि लवकर सांगणं हाच यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग.

---

स्पष्टवक्ता | २५ फेब्रुवारी, ९:३०

लपवत नाहीत, हे मान्य. रोजच्या रोज आकडा खाली येताना इथे बघितला. बाई, शांतपणे उत्तर दिलंत त्याबद्दल धन्यवाद.

---

उत्तररात्र | ४ एप्रिल २०२५, १०:५०

धागा वर काढतोय, कारण जेम्स वेब दुर्बिणीचं मोजमाप आलं. मार्चमध्ये तिने हा दगड अवरक्त प्रकाशात पाहिला. अवरक्तात दगड स्वतः किती उष्णता फेकतो ते दिसतं, चकाकीचा गोंधळ राहत नाही. आकार निघाला साधारण ६० मीटर, सात मीटर इकडेतिकडे. पंधरा-वीस मजली इमारतीएवढा. वेबने मोजलेल्या वस्तूंपैकी ही सर्वांत लहान वस्तूंमधली एक.

तो स्वतःभोवती वीस मिनिटांच्या आत एक गिरकी घेतो, हेही कळलं आहे. साठ मीटरचा खडक, चहा उकळून पिऊन होईपर्यंत एक पूर्ण फेरी. कधी रात्री गच्चीवर असताना मी त्या दिशेला बघतो. काहीही दिसत नाही, माझ्या आठ इंची दुर्बिणीतून तर दिसणं शक्यच नाही. तरी बघतो.

पृथ्वीचा धोका गेला, पण आता चंद्राचा आकडा चढू लागला आहे: ३.८ टक्के. दिंडी तीच आहे, आता रांगेत चंद्राचा वड आला.

---

लोणारची_लेक | ५ एप्रिल, ७:१५

चंद्रावर हवा नाही, म्हणजे तिथे तो फुटणार नाही आणि थेट आदळेल ना? मग तिथे खरंच लोणार होईल.

---

उत्तररात्र | ७ जून २०२५, ९:४०

ताई, उत्तराला दोन महिने लागले, क्षमस्व. हो, थेट आदळेल, आणि खड्ड्याचा अंदाज एक किलोमीटरच्या आसपासचा. लोणारच्या निम्म्याहून थोडा मोठा. चंद्राच्या कक्षेला त्याने काही फरक पडत नाही. उडालेला चुरा मात्र काही प्रमाणात पृथ्वीकडे येऊ शकतो. जमिनीवरच्या माणसाला हवेचं कवच आहे, पण वरच्या उपग्रहांना तो त्रासाचा, असं एका गटाचं गणित आहे.

वेबने मे महिन्यात त्याला पुन्हा एकदा टिपलं. त्यावरून २०३२ च्या डिसेंबरात तो कुठे असेल याचा अंदाज जवळजवळ २० टक्क्यांनी नेमका झाला, आणि चंद्राची शक्यता झाली ४.३ टक्के. आता तो फार दूर गेला आहे, जमिनीवरच्या दुर्बिणींना तो २०२८ पर्यंत दिसणार नाही.

---

पिंपळपान | ७ जून, ११:२०

चार्ट अजून भिंतीवर आहे. लेक आता सहावीत जाईल. तुमचं हे वाचून दाखवल्यावर तिने पृथ्वीच्या वर्तुळावर, जिथे दोन्ही रेषा कापतात तिथे, पेन्सिलीने चंद्र काढायचा प्रयत्न केला. पण त्या प्रमाणात चंद्र पृथ्वीपासून पाव मिलिमीटरवर येतो, टोक कितीही तासलं तरी बसेना. मग तिने बाजूला बाण काढून लिहिलं: "२०२८ ला परत बघणे."

बाई, एक विचारायचं राहिलं. कक्षेवर तो दगड आज, ७ जूनला, कुठे असेल ते तिला टाचणीने खुणावायचंय. वेळेनुसार जागा कशी काढायची? जवळ असताना जोरात धावतो आणि दूर गेल्यावर रेंगाळतो, एवढं तिला कळलंय.

---

गणिताची_बाई | ७ जून, १:३५

सांगते. सूर्याच्या सर्वांत जवळ तो २२ नोव्हेंबर २०२४ च्या सुमाराला होता, तिथून मोजायला सुरुवात करायची. आज साडेसहा महिने झाले. केप्लरचा दुसरा नियम: सूर्यापासून दगडापर्यंत दोरा धरला तर तो सारख्या वेळात सारखं क्षेत्रफळ झाडतो. तिला आलेखाचा कागद घेऊन चौकोन मोजायला लावा. सगळ्या लंबवर्तुळातले चौकोन मोजायचे, त्यांना ४८ ने भागायचं, म्हणजे एका महिन्याचे चौकोन मिळतील. मग सूर्याच्या सर्वांत जवळच्या टोकापासून साडेसहा महिन्यांचे चौकोन भरेपर्यंत पुढे सरकायचं. अर्धवट चौकोन अर्ध्याहून मोठा असेल तर धरायचा, लहान असेल तर सोडायचा.

जमलं नाही तर फोटो टाका, मी मोजून बघते.